गेम डेव्हलपर कॉन्फरन्सला पहिल्यांदा जाताय? विद्यार्थ्यांसाठी सगळं सविस्तर

गेम डेव्हलपमेंट शिकणाऱ्या बऱ्याच मुलांना वाटतं की कॉन्फरन्स म्हणजे नोकरी मागायची जागा, रिझ्युमेच्या कॉप्या काढायच्या, प्रत्येक बूथवर एकेक द्यायची आणि मेल यायची वाट बघत बसायचं. मला हे अजिबात पटत नाही. विद्यार्थ्याने तिथे आपला एक अर्धवट गेम आणि त्यात खरोखर अडलेला एक प्रश्न घेऊन जावं. कारण रिझ्युमे बघून लोक "ओके, वेबसाइटवर अप्लाय कर" म्हणतात, पण "माझ्या गेममध्ये हे असं होतंय, काय करू?" विचारलं की तोच माणूस थांबतो, फोन हातात घेतो, खेळून बघतो आणि दहा मिनिटं बोलतो. मी पुण्यात इंजिनिअरिंग करतेय, हैदराबादच्या आयजीडीसीला, म्हणजे इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्सला, जाऊन आले, आणि तिथे जे काही शिकले ते सगळं ह्या एका प्रश्नामुळेच शिकले, त्यामुळे खालचं सगळं त्याच अंगाने लिहितेय.

आधी ठरवा, कुठल्या कॉन्फरन्सला

आपल्याकडची मोठी म्हणजे इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्स, सगळे आयजीडीसीच म्हणतात. आधी ती नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेच्या नावाने भरायची आणि काही वर्षं तर आपल्या पुण्यातच व्हायची, मग हैदराबादला गेली, हायटेक सिटीजवळ एचआयसीसी हे कन्व्हेन्शन सेंटर आहे तिथे बरीच वर्षं झाली, आणि २०२५ ला चेन्नई ट्रेड सेंटरला झाली. साधारण नोव्हेंबरमध्ये असते. जागा बदलू शकते म्हणून तारीख आणि शहर जाहीर झाल्याशिवाय रिझर्व्हेशन करू नका.

जगातली सगळ्यात नावाजलेली म्हणजे जीडीसी, गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स, मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मॉस्कोनी सेंटरला. १९८८ ला ख्रिस क्रॉफर्ड या डिझायनरच्या घरच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस जण जमले होते, तिथून ही सुरू झाली. पण मोठा पास हजार डॉलरच्या वर जातो, वर व्हिसा, तिकीट आणि त्या शहरातलं राहणं. शिक्षणासाठी आधीच अमेरिकेत असलेल्या मुलामुलींनी मात्र त्यांचा कॉन्फरन्स असोसिएट नावाचा व्हॉलंटियर प्रोग्राम नक्की बघावा, काम करायचं आणि बदल्यात कॉन्फरन्स बघायला मिळते. इथून फक्त बघायला म्हणून एवढा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यांची शेकडो भाषणं युट्यूबवर आणि जीडीसी व्हॉल्ट या त्यांच्या रेकॉर्डिंगच्या साइटवर फुकट पडलेली आहेत.

पास घेताना एकच बघा. विद्यार्थ्यांचा पास स्वस्त असतो, पण त्यात काय काय येतं ते नीट वाचा. काही पासमध्ये फक्त एक्स्पो हॉल असतो, काहींमध्ये सेशनही. कॉलेजचं चालू वर्षाचं आयकार्ड ओरिजिनल सोबत ठेवा. आणि नोव्हेंबर म्हणजे आपल्या युनिव्हर्सिटीच्या सेमिस्टर परीक्षेचे दिवस, प्रॅक्टिकल-ओरल ह्याच काळात येतात, म्हणून एचओडींना महिनाभर आधी भेटून लेखी परवानगी घ्या. तोंडी "हो जा" वर राहू नका.

अडलेला प्रश्न कसा शोधायचा

हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून जरा लांबण लावते.

माझा गेम एसटी कंडक्टरचा आहे. बस गचके खात चाललीय, पुढचा स्टॉप यायच्या आत सगळ्यांची तिकिटं फाडायची, सुट्टे पैसे द्यायचे, आणि दोरी ओढून ड्रायव्हरला घंटा द्यायची, सिंगल म्हणजे थांब, डबल म्हणजे चल. मित्रमैत्रिणींना खेळायला दिला की तिकिटाचं लगेच कळायचं पण घंटेचं कळायचंच नाही. स्क्रीनवर लिहून ठेवलेलं कुणी वाचत नव्हतं. बस उभी, प्रवासी ओरडतायत, आणि खेळणारा स्क्रीनवर सगळीकडे टॅप करतोय.

हा चांगला प्रश्न आहे, कारण तो खेळताना दिसतो, दोन मिनिटांत दिसतो, आणि त्याचं उत्तर गुगलवर सरळ सापडत नाही. "गेम इंडस्ट्रीत कसं यायचं" हा प्रश्न म्हणजे काहीच नाही, त्याचं उत्तर समोरच्याने हजारदा दिलेलं असतं. "युनिटी शिकू का अनरियल का गोडो" हा गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचा प्रश्नही नाही. प्रश्न असा हवा की तो ऐकून समोरच्याला तुमच्या हातातला फोन मागावासा वाटेल.

शोधायचा कसा? पाचसहा जणांना गेम द्या, असे लोक ज्यांनी तो आधी पाहिलेला नाही, आणि स्वतः तोंड बंद ठेवून बघत बसा. समजावून सांगायचा मोह होतो, सांगू नका. जिथे तीनपेक्षा जास्त लोक एकाच जागी अडतात तो तुमचा प्रश्न. तो एका वाक्यात वहीत लिहा. मग स्वतः काय काय करून बघितलं तेही लिहा, कारण पहिला उलटप्रश्न तोच येतो.

आणि जाण्याआधी त्या विषयावरचं एखादं तरी भाषण बघून जा. माझ्या प्रश्नाला जॉर्ज फॅन यांचं २०१२ च्या जीडीसीमधलं भाषण अगदी चपखल बसलं, प्लँट्स व्हर्सेस झाँबीज बनवणारे ते, कधी गेम न खेळणाऱ्या आईलाही गेम कळावा म्हणून काय काय केलं हे त्यात सांगितलंय. एका वेळी स्क्रीनवर आठच्या वर शब्द नकोत, वाचायला लावण्यापेक्षा करायला लावा, सगळं एकदम शिकवू नका, असे थेट मुद्दे आहेत. हे बघून गेलं की कुणी "टेक्स्ट कमी कर" म्हटलं तर तुम्ही पुढचं विचारू शकता, "कमी केलंय, पूर्ण काढलंय, तरी कळत नाही, आता?" गप्पा तिथून खऱ्या सुरू होतात.

सोबत न्यायचं काय

बिल्ड, म्हणजे गेमची चालणारी कॉपी. मोबाइल गेम असेल तर एपीके म्हणजे अँड्रॉइडची इन्स्टॉल फाइल दोन फोनवर टाकून ठेवा, पीसी गेम असेल तर लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर. इंटरनेट लागता कामा नये, हॉलमध्ये हजारो लोक असतात, नेटवर्क रडतं. सुरू झाल्यावर पाच सेकंदात खेळायला मिळालं पाहिजे, लोगो, कथा, नाव टाका वगैरे सगळं त्या बिल्डमधून काढा. एका कोपऱ्यात रीस्टार्टचं बटण ठेवा, नाहीतर दर वेळी ॲप बंद करून उघडत बसाल.

अँड्रॉइडला स्क्रीन पिन करायची, म्हणजे एकाच ॲपवर अडकवून ठेवायची, सोय आहे, सेटिंगमध्ये सिक्युरिटीत सापडते, ती चालू करा. अनोळखी माणसाच्या हातात फोन दिला की चुकून होमला जातो आणि मग आपले व्हॉट्सॲप मेसेज दिसतात. एअरप्लेन मोड, ब्राइटनेस फुल, पॉवर बँक.

हेडफोन न्याच, आणि वायरवाला न्या. हॉलमध्ये प्रचंड गोंगाट असतो, शेजारच्या बूथवर मोठे स्पीकर लावलेले असतात, फोनच्या स्पीकरमधून काही म्हणजे काही ऐकू येत नाही. ज्यांच्या गेममध्ये आवाज महत्त्वाचा आहे त्यांचा अर्धा गेम तिथेच मरतो. ब्लूटूथवाला जोडण्यात वेळ जातो आणि आवाजही किंचित उशिरा येतो, घंटेसारख्या टायमिंगच्या गोष्टीत ते लगेच जाणवतं.

साठ ते नव्वद सेकंदांचा व्हिडिओ, फक्त गेमप्लेचा. खेळायला वेळ नसलेल्याला हा दाखवायचा.

पोर्टफोलिओची एकच लिंक आणि तिचा क्यूआर कोड. छोटी कार्डं छापून घेतली तर उत्तम, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाड कागदावर छापून कापून घेतली तरी चालतात. कार्डावर नाव, काय करता ते दोन शब्दांत, क्यूआर, आणि गेमचा एक स्क्रीनशॉट. तो स्क्रीनशॉट फार कामाचा आहे, रात्री समोरच्याच्या खिशातून वीस कार्डं निघतात तेव्हा नाव आठवत नाही, चित्र आठवतं. "अरे ती एसटीवाली."

पोर्टफोलिओत काय हवं ते तुमच्या कामावर आहे. प्रोग्रॅमिंगवाल्यांनी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर दोन नीट प्रोजेक्ट ठेवावेत आणि प्रत्येकाच्या रीडमीत, म्हणजे माहितीच्या फाइलमध्ये, काय अवघड होतं ते लिहावं. थ्रीडी करणाऱ्यांनी आर्टस्टेशन या आर्टच्या साइटवर फायनल रेंडरसोबत, म्हणजे तयार चित्रासोबत, वायरफ्रेम आणि टेक्स्चरही टाकावं, आपल्याकडचे बरेच स्टुडिओ बाहेरच्या कंपन्यांसाठी आर्टचं काम करतात आणि त्यांना मेश, म्हणजे मॉडेलची जाळी, किती स्वच्छ आहे ते आधी बघायचं असतं. डिझायनरने एका लेव्हलचं आधीचं रूप, नंतरचं रूप आणि का बदललं ते दाखवावं. आणि ग्रुप प्रोजेक्ट असेल तर "यात तू नक्की काय केलंस?" हा प्रश्न येणारच, त्याचं उत्तर "आम्ही" ने सुरू करू नका. तयार ॲसेट वापरले असतील किंवा एआयने चित्रं काढली असतील तर विचारण्याआधीच सांगून टाका, समोरच्याला तसंही दोन मिनिटांत कळतं.

प्रवास, राहणं, पाय

थोडक्यात. हैदराबादसाठी मुंबई-पुण्याकडून हुसेनसागर एक्सप्रेस सोयीची, रात्रीचा प्रवास होतो आणि एक रात्रीचं भाडं वाचतं. एचआयसीसीसाठी लिंगमपल्ली किंवा बेगमपेटला उतरलेलं बरं, हैदराबाद स्टेशनपर्यंत जायची गरज नाही. चौघांत मिळून रूम घ्या, हॉलपासून जवळ घ्या, लांब स्वस्त रूम घेऊन रोज कॅबला पैसे घालवण्यात अर्थ नाही. नवीन बूट घालून जाऊ नका, दिवसभर उभंच राहायचंय. पाण्याची बाटली आणि काहीतरी खायचं बॅगेत ठेवा, लाडू, चिक्की, काहीही, जेवणाच्या रांगेत तास जातो आणि तोच तास बूथवर बोलायला सगळ्यात चांगला असतो, कारण गर्दी जेवायला गेलेली असते.

कुठली सेशन बघायची आणि कुठली सोडायची

आदल्या रात्री वेळापत्रक घेऊन बसा. मोठ्या लोकांची उद्घाटनाची भाषणं, "भारतीय गेमिंगचं भविष्य" वगैरे पॅनेल चर्चा सोडून दिल्यात तरी चालतील, त्यातलं सगळं बातम्यांत येतं. पोस्टमॉर्टेम म्हणजे एखादा गेम बनवताना काय चुकलं, काय जमलं हे बनवणाऱ्यानेच सांगायचं, ती अजिबात सोडू नका. छोट्या खोलीतली, वीस-तीस माणसांची सेशन सगळ्यात जास्त देऊन जातात. राउंडटेबल, म्हणजे सगळ्यांनी गोल बसून चर्चा करायची, असेल तर आधी तीच, ती रेकॉर्ड होत नाहीत आणि तिथे तुम्हाला बोलता येतं.

दिवसाला दोन, फार तर तीन सेशन. बाकी वेळ हॉलमध्ये. सेशन संपल्यावर वक्त्याभोवती घोळका होतो, त्यात घुसू नका, शेवटी थांबा. सगळे सेल्फी काढून गेल्यावर वक्ता बाटलीतलं पाणी पितो तेव्हा जा आणि त्याच्या बोलण्यातल्या एका नेमक्या मुद्द्यावरून तुमचा प्रश्न विचारा. "खूप छान होतं सर" एवढंच म्हणायला जाऊ नका, आणि हो, या इंडस्ट्रीत सर-मॅडम फारसं चालत नाही, सगळे नावानेच बोलतात, आपल्याला कॉलेजच्या सवयीने अवघड जातं पण एकदा जमलं की गप्पा बरोबरीच्या होतात.

बोलायला सुरुवात कशी करायची

इथे सगळ्यांची फाटते, विशेषतः मराठी मीडियमच्या मुलांची. इंग्लिश फाडफाड येत नाही म्हणून कोपऱ्यात उभं राहणारी मुलं मी बघितली आणि मला फार वाईट वाटलं, कारण त्यांचा गेम चांगला होता. एक वाक्य पाठ करा, फक्त एक, आणि त्यात खेळाडू काय करतो ते सांगा. "यात तुम्ही एसटीचे कंडक्टर आहात, पुढचा स्टॉप यायच्या आत सगळ्यांची तिकिटं फाडायची आहेत." एवढंच इंग्लिशमध्ये घरी आरशासमोर म्हणून बघा. त्यानंतर फोन पुढे करा आणि गेमला बोलू द्या. मध्ये अडलं तर हिंदीत बोला, कुणीही काही म्हणत नाही. शिवाय पुण्यामुंबईचे लोक तिथे भरपूर असतात, युबिसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आहे, सुपरगेमिंग ही कंपनी पुण्याची, 'राजी' हा गेम बनवणारं नॉडिंग हेड्सही पुण्याचंच. तो गेम २०२० ला आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या गेमच्या पुरस्कारासाठी नॉमिनेट झाला होता. त्यामुळे "पुण्याहून आलेय" म्हटल्यावर "अगं, कुठल्या कॉलेजची?" असं ऐकायला येण्याची शक्यता बरीच आहे.

बूथचे दोन प्रकार असतात. मोठ्या कंपन्यांच्या बूथवर बहुतेक एचआरची माणसं असतात, ती रिझ्युमे घेतात, क्यूआर स्कॅन करायला सांगतात. तिथे एकच कामाचा प्रश्न विचारा, "तुमच्या टीममधलं इथे कुणी आलंय का, डिझाइनमधलं किंवा प्रोग्रॅमिंगमधलं?" बऱ्याचदा ते मागे बोट दाखवतात. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा झाला, त्याआधी रमी-फँटसीवाल्या कंपन्या विद्यार्थ्यांना भरपूर घ्यायच्या, आता ते चित्र बदललंय, म्हणून कुठल्या कंपनीचे पैसे कशातून येतात हे विचारायला लाजू नका.

दुसरा प्रकार म्हणजे इंडी बूथ, स्वतंत्रपणे, छोट्या टीमने किंवा एकट्याने गेम बनवणाऱ्यांचा. एक टेबल, एक लॅपटॉप, मागे उभा असलेला तो एकटा किंवा ती एकटी. माझा सगळ्यात जास्त वेळ तिथे गेला आणि तुमचाही तिथेच जावा. आधी त्यांचा गेम खेळा. मनापासून खेळा, पंधरा-वीस मिनिटं. मग कुठे अडलात ते सांगा, "छान आहे" म्हणू नका, "दुसऱ्या दारापाशी मला कळलं नाही की चावी वापरायचीय" असं सांगा. तो माणूस वही काढून लिहून घेतो. एवढं झालं की तोच विचारतो, "तू काय बनवतेस?"

आणि एक गोष्ट जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. इंडी बूथवर एकटा असलेला माणूस जेवायलाही जाऊ शकत नाही, बाथरूमलाही नाही. त्याचा गेम तुम्ही खेळलेला असेल तर सरळ म्हणा, "मी अर्धा तास थांबते, तू जेवून ये." बघा त्याचा चेहरा. त्या अर्ध्या तासात तुम्ही बूथच्या आतल्या बाजूने उभे असता, येणाऱ्यांना गेम खेळायला देता, कोण कुठे अडतंय ते बघता, पब्लिशरची, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपन्यांची, माणसं काय प्रश्न विचारतात ते ऐकता. प्लेटेस्टिंगबद्दल, म्हणजे लोकांना खेळायला देऊन बघण्याबद्दल, कॉलेजच्या अख्ख्या कोर्समध्ये मिळालं नसतं एवढं मला त्या अर्ध्या तासात मिळालं. फक्त पब्लिशर किंवा इन्व्हेस्टर आला तर त्याचं कार्ड घेऊन ठेवा, मालक परत आल्यावर द्या, त्याच्या वतीने काही कबूल करू नका.

एकच प्रश्न, वेगवेगळ्या माणसांना

आता माझ्या घंटेचं काय झालं ते सांगते, म्हणजे मी हे एवढं का सांगतेय ते कळेल.

एका इंडी डिझायनरने गेम खेळला, काही बोलला नाही, आणि मग विचारलं, "बस कुणामुळे थांबलीय हे मला स्क्रीनवर कुठे दिसलं?" ड्रायव्हर माझ्या स्क्रीनवर नव्हताच. त्याचं म्हणणं, घंटा हे बटण नाहीये, ते दोन माणसांचं बोलणं आहे, आणि दुसरा माणूसच दिसत नसेल तर खेळणाऱ्याला काय कळणार. ड्रायव्हरचं डोकं वरच्या कोपऱ्यात दाखव, घंटा वाजली की त्याने मान हलवू दे.

तोच प्रश्न मी साउंड डिझाइन करणाऱ्या एका ताईला विचारला. तिने हेडफोन लावला, अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाली, तुझी घंटा इंजिनच्या घरघरीखाली दबतेय. घंटा वाजते त्या क्षणी इंजिनचा आवाज थोडा खाली घे आणि लगेच परत वर आण, घंटेचा आवाज वाढवू नकोस, तो कर्कश होईल.

आणि क्यूए, म्हणजे गेम तपासून चुका शोधायचं काम, करणाऱ्या एका दादाने तिसरंच काढलं. डबल बेलसाठी दोन टॅपमधलं अंतर कोडमध्ये किती ठेवलंयस? ०.३ सेकंद म्हटल्यावर तो म्हणाला, खऱ्या एसटीत दोरी ओढणारा माणूस एवढा घाईत असतो का? लोक दोरी बघून हळू ओढतात, तुझा गेम त्याला दोन वेगळ्या सिंगल समजतो, म्हणून बस परत थांबते आणि खेळणाऱ्याला वाटतं घंटा चालतच नाही. दहा जणांच्या टॅपच्या वेळा नोंदवून घे आणि त्यावरून आकडा ठरव, मनाने ठरवू नकोस.

एकच अडचण होती, पण एकाने ती डोळ्याची सांगितली, एकीने कानाची, एकाने बोटाची, आणि तिघंही बरोबर होते. हे मला एका माणसाकडून कधीच कळलं नसतं. म्हणून प्रश्न बदलत बसू नका, माणसं बदला. प्रोग्रॅमर, आर्टिस्ट, साउंड, क्यूए, डिझाइन, प्रत्येक कामातल्या एका तरी माणसाला तोच प्रश्न विचारा. क्यूएवाल्यांना तर नक्कीच, विद्यार्थी त्यांच्याकडे फिरकतच नाहीत आणि लोक गेममध्ये कुठे चुकतात हे सगळ्यात जास्त त्यांनाच ठाऊक असतं.

काही पथ्यं

कुणी मीटिंगच्या मूडमध्ये असेल, समोर लॅपटॉप उघडून आकडे दाखवत असेल तर मध्ये जाऊ नका, नंतर या. जाहीर न झालेल्या गेमबद्दल खोदून विचारू नका, त्यांनी गुप्ततेच्या करारावर सही केलेली असते, तुमच्या प्रश्नाने ते अवघडतात. दुसऱ्याच्या स्क्रीनचा व्हिडिओ काढायचा तर विचारून. पाच-सात मिनिटं झाली आणि समोरच्याची नजर इकडेतिकडे फिरायला लागली की "थँक्यू, हे करून बघते आणि तुम्हाला पाठवते, चालेल ना?" म्हणून निघा. हे "पाठवते" फार महत्त्वाचं, पुढच्या मेसेजची परवानगी त्यातच मिळते.

निघाल्या निघाल्या बाजूला होऊन फोनमध्ये लिहा, कोण, काय करतो, काय सांगितलं, मी काय कबूल केलं. चार जणांनंतर सगळं एकमेकांत मिसळतं.

मुलींसाठी थोडं वेगळं. संध्याकाळी पार्ट्या असतात, काही हॉटेलमध्ये, दारू असते. जायचं असेल तर मैत्रिणीसोबत जा, परतीची कॅब आधी ठरवा, आणि "पोर्टफोलिओ बघतो, रूमवर ये" असं कुणीही, कितीही मोठा माणूस म्हणाला तरी नाही. पोर्टफोलिओ हॉलमध्ये, उजेडात, चारचौघांत बघता येतो. कॉन्फरन्सच्या आयोजकांकडे तक्रार करायची सोय असते, तो नंबर पहिल्याच दिवशी सेव्ह करा. आणि पार्टीला गेलं नाही म्हणून काही बुडत नाही, माझ्या कामाची सगळी बोलणी दिवसाउजेडी झाली. इंडस्ट्रीत काम करणाऱ्या बायका दिसल्या की जाऊन बोला, त्या खूप मोकळेपणाने सांगतात कुठल्या टीममध्ये वातावरण कसं आहे.

त्याच रात्री, आणि पुढचे काही आठवडे

रूमवर आल्यावर झोप येते, तरी अर्धा तास काढा. कार्डं पसरा, नोट्स बघा, आणि मेसेज पाठवा. लिंक्डइनवर नुसती रिक्वेस्ट टाकू नका, सोबत दोन ओळी लिहा. साधारण असं, "आज दुपारी एसटी कंडक्टरचा गेम दाखवला होता ती मी. ड्रायव्हरचं डोकं दाखवायची तुमची सूचना या आठवड्यात करून बघते, झालं की व्हिडिओ पाठवते." बस. रिझ्युमे जोडू नका, इंटर्नशिप विचारू नका.

मग घरी येऊन खरंच ते करा. इथेच बहुतेक जण गळतात. परीक्षा असतात, सबमिशन असतं, मान्य आहे, पण सगळ्या सूचना करायच्या नाहीत, ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांची एकेक गोष्ट करायची. वीस सेकंदांचा व्हिडिओ काढायचा, आधी कसं होतं आणि आता कसं आहे, आणि ज्याने सुचवलं त्याला पाठवायचा. सूचना पटली नसेल किंवा करून उपयोग झाला नसेल तर तेही लिहा, कारण सांगा. नुसतं थँक्यू म्हणणाऱ्यांपेक्षा हे लोकांना कितीतरी जास्त लक्षात राहतं.

एक साधी एक्सेल शीट ठेवा, नाव, काम, काय बोललो, शेवटचा मेसेज कधी. उत्तर आलं नाही तर तीन-चार आठवड्यांनी एकदा, तेही नवीन काही दाखवायला असेल तरच. दोनदा उत्तर नाही आलं तर सोडून द्या, राग धरू नका, गेम रिलीजच्या आधी ही माणसं रात्र रात्र ऑफिसात असतात. इंटर्नशिपचं विचारायचं असेल तर असे एकदोन मेसेज झाल्यावर, आणि सरळ विचारा, "मे-जूनमध्ये तुमच्याकडे इंटर्न घेतात का, घेत असतील तर अर्ज कधी आणि कुठे करू?" गोल गोल बोलू नका.

तिथे भेटलेल्या इतर विद्यार्थ्यांना विसरू नका. सगळे मोठ्या लोकांच्या मागे असतात, पण चार-पाच वर्षांनी ह्याच मुलांपैकी कुणी टीमचं लीड होतं, कुणी स्वतःचा स्टुडिओ काढतं. आणि आत्तासुद्धा, तुम्हाला आर्टिस्ट हवा असतो आणि नागपूरच्या नाहीतर पणजीच्या कुणाला तरी प्रोग्रॅमर. दर वर्षी जानेवारीच्या शेवटी ग्लोबल गेम जॅम असतो, २००९ पासून चालू आहे, एका विषयावर दोन दिवसांत गेम बनवायचा. नोव्हेंबरमध्ये ओळख झालेली चार मुलं तोवर संपर्कात असतात, म्हणून डिसेंबर संपायच्या आत टीम ठरवा, एकजण कोड, एकजण आर्ट, एकजण साउंड, एकजण डिझाइन आणि प्लेटेस्ट, साइट कुठली ते बघून रजिस्ट्रेशन करून टाका, आणि जॅममध्ये जो गेम होईल तो इच.आयओ या गेम टाकायच्या साइटवर टाकून त्याची लिंक त्या एक्सेल शीटमधल्या लोकांना पाठवा.